विहिरीच्या दगडातील शंख: फायसा म्हणावे, बुलिनस म्हणावे, की नुसता डावा शंख?

पळसबन (धागाकर्ती)

नमस्कार. नागपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील आमच्या शेतातील विहीर या उन्हाळ्यात खोल केली. काळ्या पाषाणाच्या दोन थरांच्या मध्ये हातभर जाडीचा, करड्या रंगाचा आणि चकमकीसारखा कडक असा एक पट्टा लागला. सुरुंगाने उडालेल्या त्याच्या कपच्या बांधावर टाकल्या होत्या. पहिल्या पावसाने त्या धुऊन निघाल्या, तेव्हा त्यांत गोगलगायींचे शंख दिसले. मी आतापर्यंत चौदा शंख आणि शिंपल्याचा एक तुकडा वेगळा ठेवला आहे. सर्वांत मोठा शंख ३१ मिलिमीटर उंच व १९ मिलिमीटर रुंद आहे. चौदांपैकी नऊ शंख डावे दिसतात आणि पाच उजवे.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. हे दगड शाळेच्या कपाटात चिठ्ठ्या लावून ठेवावेत, अशी इच्छा आहे. गावातील एका जाणत्या गृहस्थांनी पाहताक्षणी 'फायसा प्रिन्सेपाय' असे नाव सांगितले. ते बरोबरही असेल, परंतु चौदाही नमुन्यांवर तेच नाव लिहिण्यास मन धजत नाही. नाव कशाच्या आधारे ठरवावे आणि कोठे थांबावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

खडकमाळ

पळसबन ताई, प्रथम एक विनंती. प्रत्येक कपचीवर आजच पेन्सिलीने क्रमांक घाला, आणि वहीत विहिरीची खोली, पट्ट्याची जाडी, वर व खाली कोणता खडक आहे, हे लिहून ठेवा. नाव दहा वर्षांनीही दुरुस्त करता येते. विहीर एकदा बांधून काढली की थर मात्र पुन्हा दिसत नाही.

आपण वर्णन केलेला पट्टा आंतरट्रॅपी, म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधल्या, थराचा आहे, असे मानण्यास हरकत नाही. दक्खनचे लाव्हा एकाच दमात आलेले नाहीत. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात लाव्ह्याच्या पाठीवरील खळग्यांत पाणी साचले, तळी झाली, त्यांत शेवाळ, मासे, गोगलगायी व शिंपले नांदले, आणि पुढच्या लाव्ह्याने ते सारे झाकून टाकले. हा काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. बेसाल्टातून, म्हणजे काळ्या पाषाणातून, झिरपलेल्या पाण्यातील सिलिकेने पुष्कळ ठिकाणी तळ्याचा गाळ आणि त्यातील शंख दोन्ही चकमकीसारखे करून टाकले. आपल्या कपच्या कडक लागतात, त्याचे कारण हेच.

या शंखांना नावे देण्याचे काम आपल्याच भागापासून सुरू झाले, हे आपल्या विद्यार्थ्यांना अवश्य सांगा. माल्कमसन यांनी दक्खन ट्रॅपच्या, म्हणजे या लाव्हा-थरांच्या, पूर्व भागातील जीवाश्मांवर लिहिलेला निबंध 1840 मध्ये लंडनमध्ये छापला गेला, आणि त्यातील शंखशिंपल्यांचे वर्णन सॉवर्बी यांनी केले. फायसा प्रिन्सेपाय आणि युनिओ डेक्कनेन्सिस ही नावे तेथून आली. पुढे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी रॉबर्ट हंटर यांच्यासह 1855 मध्ये नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर लिहिले, आणि 1860 मध्ये शंखशिंपल्यांवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. नागपूरजवळच्या ताकळीचे शंख त्यात आहेत. पॅल्युडिना नॉर्मॅलिस हे त्यांनी दिलेले नाव आजही वाचण्यात येते. हिस्लॉप यांनी हे थर तृतीयक, म्हणजे डायनोसॉरांनंतरच्या, काळातील मानले होते. लाव्ह्याचे वय मोजण्याची साधने तेव्हा नव्हती आणि शंखांच्या तोंडवळ्यावरूनच काळ ठरवावा लागे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या निरीक्षणाची किंमत कमी होत नाही.

आता आपल्या मोजणीबद्दल. नऊ डावे आणि पाच उजवे, ही संख्या मी अजून मान्य करणार नाही. त्या पाचांपैकी शंख किती आणि शंखाचे ठसे किती, हे आपण पाहिले आहे का? दगड फुटतो तेव्हा शंख एका अर्ध्या भागात राहतो आणि दुसऱ्या अर्ध्यात त्याचा खोलगट ठसा उरतो. ठसा म्हणजे आरशातील प्रतिमा. डाव्या शंखाचा ठसा डोळ्यांना उजवा दिसतो. एका बाजूने उजेड पडला की खोलगट आणि फुगीर यांतही डोळा फसतो. मुलांच्या खेळण्यातली मऊ माती ठशात दाबून बाहेर काढा, आणि डावे-उजवे त्या मातीच्या साच्यावर ठरवा.

जलचर

मी आजच्या, जिवंत गोगलगायींचा अभ्यास करतो, त्यामुळे माझी बाजू थोडी निराळी आहे. खडकमाळ सरांनी ठशांबद्दल सांगितले ते अत्यंत महत्त्वाचे आहे. त्यात मी डावे-उजवे ठरवण्याच्या रीतीची भर घालतो, कारण मराठी वाचकाचा येथे हमखास घोटाळा होतो.

प्राणिशास्त्रात शंखाचा कळस, म्हणजे टोकदार बाजू, वर धरतात आणि तोंड आपल्याकडे करतात. तोंड उजव्या हाताला आले तर शंख उजवा, डाव्या हाताला आले तर डावा. देवघरातील 'दक्षिणावर्ती' शंख मात्र कळस खाली धरून ठरवला जातो. तोच शंख प्राणिशास्त्राच्या रीतीने फिरवून धरला की तोंड डावीकडे येते, म्हणजे पूजेतील दुर्मीळ दक्षिणावर्ती शंख हा शास्त्राच्या भाषेत डावा शंख असतो. दोन्ही रीती आपापल्या जागी ठीक आहेत, पण चिठ्ठीवर 'वामावर्ती' किंवा 'दक्षिणावर्ती' लिहिले, तर वाचणाऱ्याला कोणती रीत अभिप्रेत आहे हे कळणार नाही. म्हणून 'कळस वर, तोंड डावीकडे' असे सरळ लिहावे.

तोंड दगडात रुतलेले असेल आणि फक्त पाठ दिसत असेल, तरी अडचण नाही. कळस वर ठेवून वेटोळ्यांमधील शिवणीचा उतार पाहावा. उजव्या शंखात ती उजवीकडे उंच असून डावीकडे उतरते, डाव्या शंखात डावीकडे उंच असून उजवीकडे उतरते. हा उतार पुढून पाहिला काय आणि मागून पाहिला काय, बदलत नाही. ठसा असेल तर तो अर्थातच उलटा वाचावा. मोबाइलने काढलेले छायाचित्र आरशाप्रमाणे उलटून साठवले जात नाही ना, हेही एकदा तपासावे.

आता नावाचा प्रश्न. गोड्या पाण्यातील बहुतेक गोगलगायी उजव्या असतात. डावा, उंच कळसाचा, पातळ, मोठ्या शेवटच्या वेटोळ्याचा शंख दिसला की मनात प्रथम फायसा येते. पण आफ्रिका, मादागास्कर आणि पश्चिम आशियात राहणारा बुलिनस हाही डावा, उंच कळसाचा आणि दिसायला फायसाचा भाऊ शोभेल असा असतो. जिवंत प्राणी हातात असेल तर दोघांना ओळखणे कठीण नाही. फायसाच्या प्रावाराच्या (शंखाखालील मऊ आवरणाच्या) कडेला बोटांसारखे फाटे असतात, बुलिनसच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, जिभेवरील दातांची मांडणी वेगळी असते. यांतले काहीही दगडात उरत नाही. उरतो तो केवळ शंख, आणि दोन्ही कुलांनी जवळजवळ तोच आकार स्वतंत्रपणे घडवलेला आहे.

म्हणूनच या एका शंखाचे नाव पुन्हा पुन्हा बदलत राहिले. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन ॲनन्डेल यांनी 1920 मध्ये फायसा प्रिन्सेपायचा पुन्हा विचार करून तो बुलिनसमध्ये घातला. अलीकडच्या लेखनात तो प्लॅटिफायसा या प्रजातीत ठेवलेला दिसतो. (मी येथे प्रजाती हा शब्द जातींच्या गटासाठी वापरतो आणि जाती हा शब्द त्याखालच्या पायरीसाठी. वर्तमानपत्रांत दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून सांगितले.) हा वाद फक्त नावाचा नाही. तो खरोखर बुलिनसचा आप्त असेल, तर त्याचे नाते आफ्रिका व मादागास्करकडे जाते, आणि फायसाचा असेल तर उत्तरेकडील खंडांकडे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत समुद्राने वेढलेला होता, तेव्हा त्याच्या तळ्यांत हे जीव कोठून आले, हा प्रश्न या एका निर्णयावर टेकलेला आहे. एवढा भार वाहणारे नाव पाहताक्षणी देऊन टाकू नये, असे मला कळकळीने वाटते.

आजच्या भारतात फायसा पाहायचीच असेल तर शहरातील सांडपाण्याच्या नाल्यात पाहा. तेथे सापडणारी फायसा अक्युटा ही उत्तर अमेरिकेतून जगभर पसरलेली जाती आहे. तिचा विहिरीतील जीवाश्मांशी वंशाचा संबंध जोडू नये, पण 'कळस वर, तोंड डावीकडे' हे मुलांना दाखवण्यासाठी ती फार सोयीची आहे.

पळसबन

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. मला देवघरातली रीतच ठाऊक होती, पण मोजताना कळस मात्र वर धरला होता, त्यामुळे संख्या बहुधा बरोबर आली. ठशांचे मात्र मुळीच लक्षात आले नव्हते. उद्या माती आणून साचे घेते.

शिंपल्याबद्दल विचारायचे राहिले. तुकडा साधारण अंगठ्याएवढा आहे, बाहेरून वाढीच्या रेषा स्पष्ट दिसतात, परंतु वरची कड दगडात आहे. एका परिचितांनी तो ॲसिडमध्ये टाकून मोकळा करण्यास सुचवले आहे. टाकावा का?

प्रवराकाठी

ताई, कृपा करून टाकू नका. मी हा धागा केवळ वाचत होतो, पण आता लिहिणे भाग आहे. नेवासे परिसरातील नदीच्या जुन्या गाळातून मी काही वर्षांपूर्वी एक अखंड शिंपला काढला होता, दोन्ही झडपा मिटलेला. त्यावरची चुनखडीची पुटे काढण्यासाठी मी तो फरशी धुण्याच्या सौम्य केलेल्या ॲसिडमध्ये ठेवला आणि चहा घेण्यास आत गेलो. परत आलो तेव्हा भांड्यात फेस होता आणि तळाशी थोडा चिखल. पुटे चुन्याची आणि शिंपलाही चुन्याचाच, हे मला शाळेपासून माहीत असूनही त्या क्षणी सुचले नाही. तसा दुसरा शिंपला मला पुन्हा मिळालेला नाही.

खडकमाळ

प्रवराकाठी यांनी सांगितले ते प्रत्येक नवोदिताने वाचावे. ॲसिडचा उपयोग होतो, पण एकाच परिस्थितीत: शंख सिलिकेचा झालेला असेल आणि भोवतालचा दगड चुन्याचा असेल तेव्हा. ताईंच्या नमुन्यात दगडही सिलिकेचा आहे, म्हणजे ॲसिडने तो सुटणार नाही, आणि शिंपल्यात कोठे मूळचा चुना शिल्लक असेल तर तेवढाच नष्ट होईल. सुईने, भिंगाखाली, रोज थोडे थोडे कोरणे हाच मार्ग आहे, आणि कोरायचे ते नेमके त्या वरच्या कडेकडे.

कारण शिंपल्याची ओळख त्याच्या बिजागरीत असते. दोन झडपा जेथे एकमेकींत अडकतात तेथे दात असतात. युनिओच्या कुलातील शिंपल्यांत टोकाजवळ आखूड, जाड, खडबडीत दात असतात आणि त्यांच्या मागे लांब, पात्यासारखे दात असतात. कॉर्बिक्युला या छोट्या, त्रिकोणी, ठळक समकेंद्री वरंब्यांच्या शिंपल्यात प्रत्येक झडपेत मधोमध तीन दात असतात, आणि दोन्ही बाजूंच्या लांब दातांवर करवतीसारख्या बारीक खाचा असतात. बाहेरून दोघांचे तुकडे सारखे दिसू शकतात, बिजागरी पाहिली की शंका उरत नाही. त्यानंतर पाहायचा तो टोकाजवळचा उंचवटा, ज्याला ककुद म्हणतात. त्यावर नागमोडी किंवा जाळीदार नक्षी आहे का, हे पाहावे. शिंपला लहान असतानाची ती नक्षी असते आणि म्हातारपणी झिजून जाते, त्यामुळे लहान नमुने कधीही टाकून देऊ नयेत. स्नायू चिकटलेल्या जागांचे खळगे आतल्या बाजूस दिसतात, पण त्यासाठी आतली बाजू उघडी मिळावी लागते. कधीकधी शिंपला विरघळून गेलेला असतो आणि आत भरलेल्या गाळाचा गोळा तेवढा उरतो. अशा आतल्या साच्यावर ते खळगे उंचवट्यांच्या रूपाने दिसतात.

जुन्या लेखकांनी बिजागरी न पाहता जवळजवळ प्रत्येक लांबट शिंपल्याला युनिओ म्हटले. हिस्लॉप यांच्या 1860 च्या निबंधात युनिओच्या अनेक जाती आहेत. त्या काळी प्रजातींची व्याप्ती फार मोठी होती, म्हणून यात त्यांचा दोष मानता येत नाही. आज 'युनिओ' हे नाव वाचताना मात्र ते एका मोठ्या गाठोड्याचे नाव आहे, असे समजावे. पॅल्युडिनाचेही तसेच. ते नाव आता वापरात नाही आणि त्यातील बहुतेक शंख व्हिव्हिपॅरस व त्याच्या नातलगांत वाटले गेले आहेत.

शिंपला मिळाला, ही गोष्ट मला शंखांइतकीच मोलाची वाटते. युनिओच्या कुलातील शिंपल्यांची पिल्ले काही काळ माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून जगतात. आपल्या तुकड्याची बिजागरी त्या कुलाची निघाली, तर त्या तळ्यात मासे होते आणि ते तळे एखाद्या ओढ्याशी जोडलेले असावे, एवढे अनुमान एका तुकड्यावरून करता येईल. दगडात माशांचे बारीक, चकाकणारे खवले दिसतात का, हेही पाहा.

प्रवराकाठी

सर, माझ्याकडील नदीगाळातील शंखांना हीच पद्धत लागू पडते का?

जलचर

पद्धत तीच, पण आपले काम पुष्कळ सोपे आहे. प्रवरा-गोदावरीच्या जुन्या गाळातील शंख बहुतेक आजही जिवंत असलेल्या जातींचे असतात. उंच, मनोऱ्यासारखा, आडव्या-उभ्या रेषांचा मेलॅनॉइड्स ट्युबर्क्युलाटा, चपट्या चकलीसारखा इंडोप्लॅनॉर्बिस, गोल वेटोळ्यांचा बेलामिया, आणि शिंपल्यांत लॅमेलिडेन्स, पॅरेसिया, कॉर्बिक्युला. आजच्या नदीकाठचे रिकामे शंख गोळा करून शेजारी ठेवा आणि ताडून पाहा. जीवाश्म ओळखण्याचा याहून चांगला धडा नाही. एक सावधगिरी अशी की, अशा शंखांवरून कार्बन पद्धतीने वय काढले, तर ते खऱ्याहून जास्त येऊ शकते, कारण गोगलगाय खडकांतील जुना चुनाही शंखात वापरते.

ताईंसाठी उजव्या शंखांबद्दल दोन शब्द. फुगीर गोल वेटोळी, खोल शिवण आणि अखंड गोलसर तोंड असेल तर व्हिव्हिपॅरसकडे वळावे. बारीक टोकदार कळस, लांबट तोंड आणि मधल्या खांबावर पीळ असेल तर लिम्नियाकडे. काही मिलिमीटरांचा, बुटका, रुंद बेंबीचा आणि गोल तोंडाचा असेल तर व्हॅल्व्हाटासारख्या गटांचा विचार करावा, पण इतक्या लहान शंखांत पिल्लांची आणि प्रौढांची गल्लत सर्वाधिक होते.

खडकमाळ

जलचर यांच्या शेवटच्या वाक्याला धरून एक गोष्ट नोंदवतो, कारण तिच्यात नव्या अभ्यासकांचा सर्वाधिक वेळ वाया जातो. फायसा प्रिन्सेपायचे लांबट आणि फुगीर असे प्रकार हिस्लॉप यांनीच वेगळे दाखवले होते. त्यांना त्यांनी स्वतंत्र जाती म्हटले नाही, हा त्यांचा संयम मला फार आवडतो. लाटांच्या काठावर वाढलेली गोगलगाय आणि शेवाळात निवांत वाढलेली गोगलगाय एकाच जातीच्या असूनही तोंडाचा आकार वेगळा दाखवतात. त्यात थराच्या दाबाने शंख चेपतात. चेपलेला शंख रुंद दिसतो आणि आपण त्याला 'फुगीर प्रकार' म्हणून मोकळे होतो.

म्हणून प्रत्येक न चेपलेल्या शंखाची उंची, रुंदी, तोंडाची उंची आणि वेटोळ्यांची संख्या मोजा आणि उंचीला रुंदीने भागा. सारे आकडे एकाच सलग पट्ट्यात विखुरले तर ती एकच जाती लहानाची मोठी होत गेलेली आहे, असे धरून चाला. मध्ये स्पष्ट खंड पडला, आणि तो खंड सारख्याच वेटोळ्यांच्या शंखांतही टिकला, तरच दुसऱ्या जातीचा विचार करा. बारा-चौदा नमुन्यांवर असा खंड सिद्ध होत नाही.

आणखी एक. वरोरा तालुक्यातील पिसदुरा हे गाव डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेमुळे प्रसिद्ध आहे. तेथील लॅमेटा थर लाव्ह्याच्या खालचे आहेत, आणि त्यांतही गोड्या पाण्यातील शंख मिळतात. केवळ डावा शंख पाहून थर आंतरट्रॅपी ठरवता येत नाही, तो थराच्या जागेवरूनच ठरवावा लागतो. आपल्या पट्ट्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे काळा पाषाण आहे, ही आपली नोंद त्यासाठीच सर्वांत मोलाची आहे.

पळसबन

साचे घेऊन झाले. पाच उजव्या शंखांपैकी तीन ठसे निघाले, आणि मातीत ते स्वच्छ डावे उमटले. म्हणजे बारा डावे व दोन उजवे. त्या तीन ठशांपैकी एकाचा दुसरा अर्धा भाग माझ्याकडे आधीच डावा म्हणून मोजलेला होता. कडा जुळवल्यावर दोन्ही कपच्या एकमेकींत तंतोतंत बसल्या, त्यामुळे खरे डावे शंख अकराच. दोन उजव्यांपैकी एकाची वेटोळी गोल व शिवण खोल आहे. दुसरा जेमतेम ४ मिलिमीटरचा आहे. शिंपल्याची कड चार संध्याकाळी कोरल्यावर एक लांब, पात्यासारखा दात दिसू लागला आहे आणि त्यावर खाचा नाहीत. पुढचा भाग अजून दगडातच आहे.

सर्वांत मोठ्या शंखासाठी मी पुढील चिठ्ठी लिहिली आहे. चूक असल्यास सांगावे.

'क्रमांक ३. गोड्या पाण्यातील गोगलगायीचा शंख, सिलिकेचा झालेला. कळस वर धरल्यास तोंड डावीकडे. उंची ३१, रुंदी १९ मिलिमीटर, वेटोळी पाच दिसतात, टोक मोडलेले. फायसा प्रिन्सेपाय (सॉवर्बी, 1840) या नावाने वर्णिलेल्या शंखाशी जुळणारा. प्रजाती अनिश्चित. थर: विहिरीत ४२ फुटांवर, काळ्या पाषाणाच्या दोन थरांमधील करडा पट्टा.'

जलचर

'प्रजाती अनिश्चित' हे शब्द तसेच राहू द्या. टोक मोडलेले असल्यामुळे 'वेटोळी किमान पाच' असे लिहावे आणि उंचीपुढे 'टोक मोडलेल्या स्थितीत' हे शब्द घालावेत, म्हणजे पुढे कोणी उंचीला रुंदीने भागले तर त्याची फसगत होणार नाही. ४ मिलिमीटरच्या शंखावर सध्या फक्त 'उजवा, लहान, बहुधा पिल्लू' एवढेच लिहा आणि तो काचेच्या कुपीत वेगळा ठेवा.

खडकमाळ

ज्या दोन कपच्या जुळल्या त्यांना ७ अ आणि ७ ब असे क्रमांक देऊन एकाच डबीत ठेवा. शिंपल्याच्या लांब दातावर खाचा नाहीत, म्हणजे कॉर्बिक्युला बहुधा नव्हे. पुढचे आखूड दात दिसेपर्यंत चिठ्ठीवर 'शिंपला' एवढेच असू द्या.